ए, टी, जी, सी आणि आपला कॉम्प्युटर

बायोलॉजी म्हणजे बारावीला सुटलेला विषय, असं आपण इंजिनिअरिंगवाले समजतो. पण बायोइन्फर्मेटिक्स, म्हणजेच जैवमाहितीशास्त्र, हा विषय आता थेट आपल्या दारात उभा आहे. तो नेमकं करतो काय, ते थोडक्यात सांगते.

डीएनए म्हणजे ए, टी, जी, सी या चार अक्षरांत लिहिलेली लांबलचक ओळ. माणसाच्या जीनोममध्ये अशी सुमारे ३०० कोटी अक्षरं असतात. नवा जीन सापडला की त्याचं काम काय, हे नुसतं वाचून कळत नाही. म्हणून ओळखीच्या जीन्सशी त्याचं साम्य शोधतात.

सोपं वाटतं ना? मग ए-टी-जी-सी-टी-ए आणि ए-टी-सी-टी-ए या ओळी एकाखाली एक लिहा. जुळतात फक्त दोन अक्षरं! पण दुसऱ्या ओळीत टीनंतर एक जागा रिकामी सोडली, तर पाच जुळतात. हजेरी घेताना गैरहजर मुलाचा नंबर सरांनी मोकळा सोडावा, तसंच हे.

रिकाम्या जागा कुठे सोडायच्या? १००-१०० अक्षरांच्या दोन ओळी जुळवण्याचे मार्ग १ वर ५० शून्यांहूनही जास्त आहेत. नीडलमन आणि वुन्श यांनी १९७० मध्ये यावर तक्त्याची युक्ती काढली. अक्षर जुळलं तर गुण मिळतात, चुकलं किंवा जागा सोडली तर कापले जातात. प्रत्येक घराचा सर्वोत्तम स्कोअर शेजारच्या तीन घरांवरून निघतो. सुमारे १०,००० घरांत काम संपतं! हेच आपलं डायनॅमिक प्रोग्रॅमिंग. पुढे १९९० मध्ये आलेल्या 'ब्लास्ट'ने आधी छोटे जुळणारे तुकडे शोधून हे काम आणखी वेगवान केलं.

याचा उपयोग काय? माकडांत कॅन्सर घडवणाऱ्या एका व्हायरसचा जीन आणि जखम भरताना पेशींना वाढायला सांगणारं प्रोटीन यांच्यात विलक्षण साम्य आहे, हे १९८३ मध्ये रसेल डूलिटल आणि सहकाऱ्यांना कॉम्प्युटरवर तुलना करताना दिसलं. म्हणजे वाढीचा नेहमीचाच संदेश नको तिथे, नको तेव्हा मिळाला तर कॅन्सर होऊ शकतो! अर्थात कॉम्प्युटरने दिला तो धागा. खरंखोटं प्रयोगशाळेतच ठरतं.

तेव्हा लाइफ सायन्सवाल्या मित्रमैत्रिणींनो, वरच्या दोन ओळींचा तक्ता एकदा हाताने भरून बघा. कागद-पेन्सिल पुरते. अडलात तर आम्हाला विचारा, आणि पेशीत काय चालतं ते आम्हाला शिकवा.