रुग्णालयातील मनुष्यबळ : नियम आणि व्यवहार

कायदा : दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर पहिल्या दोन अपत्यांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आणि लैंगिक छळाविरुद्ध अंतर्गत समिती बंधनकारक. भविष्यनिर्वाह निधी २० कर्मचाऱ्यांपासून. सांगली-मिरजेतील डॉक्टर दांपत्याच्या छोट्या रुग्णालयात हजेरीपटावर आठच नावे असली, की या तरतुदी दाराबाहेरच राहतात.

वेतन : खासगी रुग्णालयांतील परिचारिकांसाठी केंद्राच्या समितीने २०१६ मध्ये शिफारस केली : २०० हून अधिक खाटा असल्यास सरकारी वेतनाइतके, ५० हून कमी असल्यास दरमहा किमान २०,००० रुपये. अंमलबजावणी राज्यांवर सोपवल्याने ती शिफारसच उरली.

सरकारी सेवा : निकषानुसार सपाटीवर ५,००० आणि डोंगराळ भागात ३,००० लोकसंख्येमागे एक उपकेंद्र. सातारा जिल्ह्यातील पाटण, जावळीसारख्या डोंगराळ तालुक्यांत वाड्या विखुरलेल्या. लोकसंख्येचा हिशेब जुळला तरी आरोग्यसेविकेची पायपीट त्यात धरलेली नसते. लसीकरण, गरोदर मातांच्या नोंदी आणि पोर्टलवरची माहिती तिच्याकडेच. राष्ट्रीय आरोग्य अभियानातील नेमणुका कंत्राटी. काम बारमाही, आदेश मात्र मुदतीचा. दहा वर्षे सेवा झालेल्यांच्या नियमित सेवेतील समायोजनाचा निर्णय राज्याने मार्च २०२४ मध्ये घेतला.