लॉकरची दुसरी किल्ली

पहाटे पावणेपाच
नळाला पाणी यायच्या आत दोन पानं लिहून झाली पाहिजेत. माझी पहिली थरारकादंबरी याच वेळात, डोंबिवलीच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर पुरी झाली. दुसरीही तशीच चालली आहे. काल लिहिलेलं मी पहाटे वाचत नाही. वाचायला लागलं की दुरुस्त्या सुरू होतात आणि पुढचं पान राहूनच जातं. रात्री थांबताना कुणाला तरी दाराशी उभं करून ठेवायचं आणि पहाटे थेट दार उघडायचं. नोकरी करून लिहिणाऱ्याला हे फार उपयोगी पडतं.

सकाळी आठ
डबे, पाणी, रिक्षा, लोकल. बसायला मिळालं तर फ्रेडरिक फोर्सिथ यांचं ‘द डे ऑफ द जॅकल’ काढते. थरारकादंबरी म्हणजे काय, हे मला या पुस्तकानं शिकवलं. त्यांचीही ही पहिलीच कादंबरी. आफ्रिकेतल्या बियाफ्राच्या युद्धाचं वार्तांकन करून परतलेल्या या बेकार पत्रकारानं जानेवारी १९७०मध्ये ती लिहायला घेतली आणि पस्तीस दिवसांत संपवली. प्रकाशकांनी ती परत पाठवली. गोष्ट फ्रान्सचे अध्यक्ष द गॉल यांच्या खुनाच्या कटाची, आणि तो खून झाला नाही हे जगाला ठाऊक आहे, मग वाचणार कोण, असा सवाल होता. १९७१मध्ये ती आली आणि जगभर वाचली गेली. मारेकरी फसणार हे पहिल्या पानापासून माहीत असूनही आपण खोटा पासपोर्ट, खास बनवून घेतलेली बंदूक, गाडीचा बदललेला रंग हे सगळं धडधडत वाचतो. लपवाछपवी करून थरार येत नाही. वाचकाला सांगून ठेवायचं आणि मग वाट पाहायला लावायचं, यात तो आहे.

दहा ते साडेपाच
बँक. माझ्या कादंबरीचा गाभा इथूनच आला, ग्राहकांच्या गोष्टींमधून नव्हे. त्या गोष्टी बँकेच्या दाराबाहेर जात नाहीत. आला तो कामाच्या पद्धतीतून. लॉकरला दोन किल्ल्या लागतात. रजिस्टरवर सही, वेळ, सही पडताळणी. मग आमच्यातलं कुणीतरी बँकेची किल्ली फिरवून बाहेर जातं आणि ग्राहक आपली किल्ली लावतो. रिझर्व्ह बँकेच्या २०२१च्या सूचनांनुसार लॉकर उघडला की त्याच दिवशी नोंदवलेल्या मोबाईलवर संदेश जातो, आणि स्ट्राँगरूमच्या येण्या-जाण्याचं सीसीटीव्ही चित्रण किमान १८० दिवस ठेवावं लागतं.

आता समजा, लॉकरवाला मेलेला आहे आणि बँकेला ते कुणी कळवलेलंच नाही. त्याच्या नावानं कुणीतरी सही करून आत जातो. संध्याकाळी घरातल्या टेबलावर मेलेल्या माणसाचा फोन वाजतो : आज आपला लॉकर उघडण्यात आला. बायको वाचते. तिला कॅमेऱ्यातलं चित्रण हवंय, आणि दिवस मोजले जाताहेत.

जेवणाच्या सुट्टीत एका निवृत्त फौजदारांना फोन केला. पोलिसांची भाषा मी त्यांच्याकडून तपासून घेते. ‘मॅडम, खून कधीचा?’ हा त्यांचा पहिला प्रश्न असतो. १ जुलै २०२४पासून नव्या फौजदारी कायद्यात खुनाचं कलम १०३ झालं. पण खून त्याआधीचा असेल तर गुन्हा जुन्या ३०२खालीच दाखल होतो, तक्रार कितीही उशिरा येवो. माझ्या कथेतला खून २०२३च्या पावसाळ्यातला. पंचनाम्यातलं ३०२ तसंच ठेवलं.

संध्याकाळी सात
वाचनालयात एक कॉलेजचा मुलगा वही घेऊन थांबला होता. ‘ताई, शेवटचा धक्का जमत नाहीये.’ वही चाळली. पहिल्या पानावर प्रेत, पण प्रेताला नाव नाही, घर नाही. त्याला म्हटलं, धक्का राहू दे. मेलेल्या माणसाचा आदला दिवस लिहून आण. तो कुठे चहा प्यायचा, कुणाला पैसे देणं लागत होता, त्या रात्री त्याची वाट कोण बघत होतं. तो गेल्याचं कुणाला काही वाटणार नसेल, तर खुनी शोधायची ओढ वाचकाला कुठून लागणार?

रात्री साडेनऊ
सासूबाई माझ्या पहिल्या वाचक. गिरगावात वाढल्या, बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथांतल्या झुंजार आणि काळा पहाडवर पोसलेल्या. लॉकरचं प्रकरण वाचून त्यांनी चष्मा काढला. ‘अगं, बँकेची बाई किल्ली फिरवून बाहेर गेली नि लगेच यानं लॉकर उघडलासुद्धा? मला घाबरू तरी द्यायचंस!’

‘आई, किती वेळ थांबवू?’

‘तिच्या चपलांचा आवाज जिन्यावर पोचेपर्यंत.’

उद्या पहाटे तेच लिहायचं आहे.

सासूबाईंच्या पिढीला वाचनाची गोडी अशा रहस्यकथांनी लावली. अर्णाळकरांनी हजाराहून जास्त रहस्यकथा लिहिल्या. पुढे गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. स्वस्त कागदावरची ही पुस्तकं हलकी समजली गेली, जपून ठेवावीत असं फार थोड्यांना वाटलं. आज अर्णाळकरांच्या पुस्तकाची जुनी प्रत मिळणं मुश्कील आहे. तुमच्या माळ्यावर, आजोबांच्या ट्रंकेत अशी पुस्तकं असतील तर कृपा करून रद्दीत घालू नका. जवळच्या वाचनालयाला नेऊन द्या.