विश्लेषण : ‘विषय हार्ड’ म्हणजे अवघड, भारी की धोक्याचा?

कळंब (जि. यवतमाळ) : ‘आमचा गणित विषय हार्ड आहे’ आणि ‘आमच्या गणिताच्या सरांचा विषय हार्ड आहे’. शब्द जवळपास तेच. पण पहिल्या वाक्यात तक्रार आहे, दुसऱ्यात कौतुक. दहावीतल्या मुलाला हा फरक कुणी शिकवावा लागत नाही. त्याच्या आजोबांना मात्र सरांचे काहीतरी बिनसले आहे असेच वाटेल. गणपतीच्या मिरवणुकीचा व्हिडिओ, नवी बुलेट, कुणाची तरी पोलीस भरतीत झालेली निवड, या सगळ्याखाली आज एकच प्रतिक्रिया येते, ‘विषय हार्ड’. इंग्रजीतला हा साधा शब्द मराठीत कौतुकाचा कसा झाला आणि तो कुठे वापरताना जपायला हवे?

संगीतातून आलेला ‘हार्ड’

इंग्रजीत ‘हार्ड’चे मूळ अर्थ दोन, टणक आणि अवघड. तिसरा अर्थ संगीताने दिला. अमेरिकेत १९५०च्या दशकात जॅझच्या एका ठसकेबाज शैलीला ‘हार्ड बॉप’ म्हटले गेले. पुढे ‘हार्ड रॉक’ आले, पंकमधून ‘हार्डकोअर’ आले. प्रत्येक वेळी सांगायचे होते ते हेच की हे संगीत गोडगोड नाही, ते अंगावर येते.

हिप-हॉपने या शब्दाला आणखी एक वळण दिले. न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागात ११ ऑगस्ट १९७३ रोजी डीजे कूल हर्कने केलेली पार्टी ही हिप-हॉपची सुरुवात मानली जाते. गरीब, कृष्णवर्णीय वस्त्यांमधून आलेल्या या संगीतात ‘हार्ड’ म्हणजे परिस्थितीचे टक्केटोणपे खाऊनही न वाकलेला माणूस. मग त्याचे गाणे ‘हार्ड’, गाण्याचा ठेका ‘हार्ड’, आणि शेवटी आवडलेली कोणतीही गोष्ट ‘हार्ड’. वाईट अर्थाचा शब्द उलटा करून कौतुकासाठी वापरणे ही या वस्त्यांतल्या बोलीची जुनी खोड. मायकेल जॅक्सनच्या १९८७ च्या अल्बमचे नाव ‘बॅड’ होते, ते काही स्वतःची निंदा करण्यासाठी नव्हे.

मुंबईत हीच गोष्ट घडली. कुर्ल्याच्या नेझीचे २०१४ साली गाजलेले गाणे होते ‘आफत’. संकटाचा शब्द, पण मिरवायला. २०१५ मध्ये डिव्हाइन आणि नेझी यांचे ‘मेरे गली में’ आले. या मंडळींच्या जगावर बेतलेला झोया अख्तर यांचा ‘गली बॉय’ १४ फेब्रुवारी २०१९ रोजी प्रदर्शित झाला. त्याचे संवाद विजय मौर्य यांचे. या चित्रपटाने ‘बोहोत हार्ड’ हे दोन शब्द गल्लीतून उचलून देशभर नेले. कळंबला रेल्वे यायला आणखी पाच वर्षे लागली. वर्धा-कळंब मार्गाचे लोकार्पण २८ फेब्रुवारी २०२४ रोजी झाले. ‘हार्ड’ला रुळांची गरज नव्हती, मोबाइल पुरेसा होता.

मराठीत जागा आधीच तयार होती

पण ‘हार्ड’ आला आणि मराठी पोरांनी तो जसाच्या तसा उचलला, असे म्हणणे अर्धेच खरे. मराठीत त्याच्यासाठी खुर्ची आधीच मांडलेली होती. ‘कडक’ पाहा. कडक ऊन, कडक शिस्त, कडक इस्त्री, कडक चहा आणि कुणी झकास काही केले की नुसते ‘कडक!’ ‘भारी’चेही तेच. मुळात वजनदार किंवा महागडे, आता उत्तम. ‘भयंकर’ सुंदर, ‘खतरनाक’ बॅटिंग, ‘जहर’ गाणे हे सगळे आपण न अडखळता बोलतो. ‘जबरदस्त’ या फारसीतून आलेल्या शब्दाची तर गंमतच आहे. ‘जबरदस्त’ म्हटले की शाबासकी आणि शेवटी एक ‘ई’ लागून ‘जबरदस्ती’ झाले की गुन्हा.

म्हणजे ज्याची भीती वाटावी, त्याच शब्दाने कौतुक करायचे ही सवय मराठीची स्वतःची आहे. ‘हार्ड’ हा एका अर्थाने ‘कडक’चाच इंग्रजी शाळेत गेलेला भाऊ.

त्यापुढचे काम तर पूर्णपणे मराठीने केले. ‘विषय’ हा शब्द आपल्याकडे शाळेपुरता नाही. ‘तो विषयच सोड’, ‘विषय संपला’ असे आपण एकूण मामल्याबद्दल म्हणतो. त्याला ‘हार्ड’ जोडून जे तयार झाले, त्याचे इंग्रजीत शब्दशः भाषांतर केले तर ‘हा शालेय विषय अवघड आहे’ एवढेच उरेल. हा वाक्प्रचार कोल्हापूरकडचा म्हणून ओळखला जातो. ‘विषय हार्ड’ नावाचा मराठी चित्रपटही २०२४ मध्ये येऊन गेला. विदर्भात तोच शब्द ‘भौ’, ‘बे’ यांच्या शेजारी जाऊन बसला. अमरावतीचा रॅपर सौरभ अभ्यंकर (१००आरबीएच) ‘एमटीव्ही हसल’च्या मंचापर्यंत पोहोचल्यानंतर ‘हे मुंबईवाल्यांचं काम’ असे म्हणायलाही जागा उरलेली नाही.

अर्थ ओळखायचा कसा?

एक सोपी चाचणी आहे, वाक्याला नकार लावून पाहा. ‘पेपर हार्ड नव्हता’ म्हटले की अर्थ एकच, सोपा होता. कौतुकाचा ‘हार्ड’ नकार सहनच करत नाही; ‘भाऊची एंट्री हार्ड नव्हती’ असे कुणी म्हणत नाही, ‘फालतू होती’ म्हणतात. दुसरी खूण तुलनेची. ‘यापेक्षा ते जास्त हार्ड’ म्हटले की बहुतेक वेळा अवघडपणाच मोजला जात असतो. कौतुकाच्या ‘हार्ड’पुढे ‘लय’ किंवा ‘बोहोत’ लागते.

व्याकरणाच्या दृष्टीने हा शब्द सोयीचा आहे. ‘चांगला, चांगली, चांगले’ असा तो बदलत नाही. ‘कडक’, ‘सुंदर’ यांच्यासारखा सगळ्या लिंगांना आहे तसा चालतो. ‘कूल’, ‘फंकी’ असे याच वाटेने आलेले इतर शब्दही म्हणूनच पटकन रुळतात.

इंग्रजी बोलताना मात्र सांभाळून. कॅम्पस मुलाखतीत ‘माझा प्रोजेक्ट व्हेरी हार्ड आहे’ असे इंग्रजीत सांगितले, तर समोरच्याला तो जमला नाही असे वाटेल. शिवाय इंग्रजीत या शब्दाला एक अश्लील छटाही आहे.

भाषा बिघडते का?

ही ओरड नवी नाही. शिवाजी महाराजांच्या काळात राज्यव्यवहारकोश तयार झाला, तो कारभारातल्या फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देण्यासाठी. त्यातले अनेक पर्याय कोशातच राहिले आणि जबरदस्त, खूश, बेफाम आजही मराठीच्या तोंडी आहेत. ‘गली बॉय’च्या महिनाभर आधी, जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळला ९२वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन झाले. नयनतारा सहगल यांचे निमंत्रण मागे घेतल्यावरून वाद पेटला आणि अखेर उद्घाटन कळंब तालुक्यातील राजूरच्या शेतकरी वैशाली येडे यांनी केले. त्या व्यासपीठावर त्यांचे साधे, रोजच्या भाषेतले बोलणे लोकांच्या लक्षात राहिले. जिवंत भाषा कोणाच्या तोंडी असते, याचे उत्तर शोधायला कळंबकरांना फार लांब जावे लागत नाही.

जिथे ‘हार्ड’ चालणार नाही

खरी अडचण कौतुक आणि इशारा एकाच शब्दात आले की होते. यवतमाळ जिल्ह्यात ती जागा म्हणजे फवारणी. कीटकनाशकाला इथे ‘औषध’च म्हणतात. ते कडक आहे किंवा हार्ड आहे असे कुणी सांगितले, तर ती शिफारस समजायची की सावधगिरीची सूचना? बोंडअळीने हैराण झालेला माणूस शिफारसच ऐकणार. बोलणाऱ्याला कदाचित ‘जहाल आहे, जपून’ म्हणायचे असेल.

हा शंकेखोरपणा वाटत असेल तर २०१७ आठवावे. त्या हंगामात जिल्ह्यात फवारणीतून विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी-शेतमजुरांचा जीव गेला, शेकडो रुग्णालयात गेले. त्याची कारणे शब्दांची नव्हती. डोक्याएवढी वाढलेली दाट कपाशी, दोन-तीन औषधांचे एकत्र मिश्रण, जास्त दाबाचे पंप, तोंडाला रुमालापलीकडे काही नाही, अशी ती होती. पण ‘जेवढे जालीम तेवढे चांगले’ ही समजूत या मिश्रणांच्या मुळाशी असतेच आणि ‘हार्ड’सारखा शब्द नेमकी तीच समजूत पक्की करतो.

कृषी केंद्रात म्हणूनच विशेषणावर न जाता डब्यावरचा रंगीत चौकोन पाहावा. त्यातला खालचा त्रिकोण लाल असेल तर अतितीव्र विषारी, पिवळा असेल तर तीव्र विषारी, निळा असेल तर मध्यम आणि हिरवा असेल तर कमी विषारी. लालवर कवटीचे चिन्हही असते. हिरव्या त्रिकोणाचे औषधही हातमोजे, मास्क आणि चष्मा यांशिवाय फवारायचे नसते. विक्रेत्याला ‘हार्ड आहे का?’ असे विचारण्याऐवजी तीन गोष्टी विचाराव्यात : पंपाला मात्रा किती, दुसऱ्या औषधात मिसळायचे की नाही, आणि फवारणीनंतर किती दिवस शेतात जायचे नाही.