भागादान : पोथींतील अंकांची परीक्षा

जुन्या पोथ्या जमविणारांस अक्षराची पारख असते, अंकाची फारशी नसते. अक्षर चुकलें तर वृत्त मोडतें किंवा अर्थ बिघडतो, आणि वाचणारा थबकतो. अंक चुकला तर कांहींच मोडत नाहीं. खोटा अंकहि खऱ्याच्याच थाटानें पानावर बसलेला असतो. अशा वेळीं संख्येचे विभाजक काढण्याची विद्या संशोधकास किती उपयोगीं पडते, हें दाखविण्याचा या लेखाचा हेतु आहे. निमित्त मात्र आमच्याच एका चुकीचें आहे.

मीरा-भाईंदर येथील आमच्या घरीं जुन्या कागदांचा एक लहानसा संग्रह आहे. त्यांत ज्योतिषाचें एक सुटें पान असून त्यावर कल्पांतील सावन दिवसांची संख्या अंकांनीं लिहिलेली आहे. तींतील एक अंक कसरीनें खाल्ला आहे. उरलेले अंक असे : १५७७९१—५४००००. भास्कराचार्यांच्या सिद्धान्तशिरोमणींत (शके १०७२) दिलेली ही संख्या नवांनीं निःशेष भागली जाते, हें आम्हांस ठाऊक होतें. दिसणाऱ्या अंकांची बेरीज ३९ आली. ती ४५ होण्यास ६ हवेत. तेव्हां गेलेला अंक ६ असें ठरवून आम्ही १५७७९१६५४०००० ही संख्या टिपून ठेविली. भास्कराचार्यांची संख्या १५७७९१६४५००००. दोहोंत ९०,००० दिवसांचें अंतर; कल्पाचीं वर्षें ४३२,००,००,००० असल्यामुळें वर्षमानांत फरक अवघा साडेचार विपळांचा. इतका सूक्ष्म फरक पाहून, हा कोणा अज्ञात गणकानें दिलेला बीजसंस्कार असावा, असा तर्क आम्ही बांधिला. कित्येक महिने आम्ही त्या गणकाच्या शोधांत होतों.

तर्क कोसळला तो त्याच पानावरील दुसऱ्या एका ओळीनें. खालीं ११६८८२७ आणि ३२०० असे दोन अंक होते व त्यांकडे आमचें लक्ष गेलें नव्हतें. हे ‘दृढ’ अंक होत. दोन संख्यांस ज्या मोठ्यांत मोठ्या संख्येनें भाग जातो, तिनें दोहोंस भागणें याला आपले गणिती अपवर्तन म्हणतात. अपवर्तनानंतर ज्यांस एकाहून मोठा समान भाजक उरत नाहीं त्या संख्या दृढ. कल्पाचीं वर्षें ३२०० नीं भागिलीं असतां अपवर्तनांक १३५०००० येतो. आतां ११६८८२७ ला १३५०००० नीं गुणिलें कीं १५७७९१६४५०००० हीच संख्या मिळते. म्हणजे पान लिहिणाराजवळ संख्या शुद्ध होती. वरच्या ओळींत ४५ चे ५४ झाले होते, इतकेंच. बीजसंस्कार नव्हता, आणि तो अज्ञात गणकहि नव्हता.

ही उलटापालट कशी होते तें भूतसंख्या वाचणारांस सांगावयास नको. शर म्हणजे ५ आणि वेद म्हणजे ४. ‘शरवेद’ म्हणजे ४५, कारण अंकांची गति डावीकडे असते. घाईनें लिहिणारा शब्दांच्याच क्रमानें अंक मांडतो, आणि ५४ होतात. पण नवांची परीक्षा तिला कां सांपडली नाहीं? कारण ती केवळ बेरीज पाहते; अंकांची जागा बदलली तरी बेरीज तीच राहते.

येथें सर्व विभाजक हाताशीं असण्याचें महत्त्व कळतें. कल्पदिवसांच्या संख्येचे मूळ अवयव असे : २ चार वेळां, ३ चार वेळां, ५ पांच वेळां, ११ एकदां, आणि ३५४१९ एकदां. (१८८ पर्यंतच्या कोणत्याहि मूळ संख्येनें ३५४१९ ला भाग जात नाहीं, आणि १८९ चा वर्ग तिच्याहून मोठा आहे, म्हणून ती स्वतः अविभाज्य.) यांतील ११ हा आमचा खरा साक्षी. उजवीकडून एकाआड एक अंक मिळवीत व वजा करीत गेलें असतां शून्य अथवा अकराची पट आली, तर अकरांनीं भाग जातो. शुद्ध संख्येंत ही बाकी ११ येते. उलटलेल्या संख्येंत ९. शेजारचे दोन भिन्न अंक उलटले तर ही परीक्षा तें नेहमींच पकडते. एक जागा सोडून असलेले अंक उलटले, तर मात्र तिलाहि कळत नाहीं. म्हणून एका भाजकावर विसंबूं नये.

लहान भाजक चालत नाहींत तेथें काय करावें? याचें उत्तर नारायण पंडितांनीं शके १२७८ (इ. स. १३५६) मध्यें रचिलेल्या गणितकौमुदींत आहे. चौदा व्यवहारांच्या या ग्रंथांतील अकरावा ‘भागादान’ विभाजकांसाठींच आहे. पद्माकर द्विवेदी यांनीं संपादिलेला हा ग्रंथ काशीहून १९३६ व १९४२ सालीं दोन भागांत छापून निघाला. त्यांतील रीत आम्ही आमच्या उदाहरणानें सांगतों.

आमच्या खाडीपलीकडील वसई मराठ्यांनीं १७३९ सालीं घेतली. तोच आंकडा घेऊं. १७३९ चें जवळचें वर्गमूळ ४१, त्याचा वर्ग १६८१, शेष ५८. मूळ दुप्पट करून एक मिळवावा : ८३. त्यांतून शेष वजा करावा : २५. हा ५ चा वर्ग आहे, म्हणून काम झालें. एकानें वाढलेलें मूळ ४२. त्यांत ५ मिळविले तर ४७, वजा केले तर ३७. हेच विभाजक, कारण ४७ × ३७ = १७३९. पहिल्याच वेळीं वर्ग न आला तर ८५, ८७, ८९ असे दोन-दोनांनीं वाढणारे अंक क्रमानें मिळवीत जावें, वर्ग येईपर्यंत. फ्रान्सचा गणिती फर्मा यानें हीच युक्ति सुमारें १६४३ सालीं मांडिली. नारायणांनंतर जवळजवळ तीनशें वर्षांनीं.

रीतीची मर्यादाहि सांगितली पाहिजे. विभाजक एकमेकांजवळ असले तर ती झटकन् फळते. दूर असले तर दमविते. त्याच विजयाचा शक १६६१ घ्या. या रीतीनें एक्केचाळिसाव्या खेपेस ८१ चा वर्ग उणे ७० चा वर्ग असें उत्तर येतें. अकरांच्या परीक्षेनें मात्र तेंच एका दृष्टिक्षेपांत : १६६१ = ११ × १५१. यास्तव आधीं लहान भाजक, मग नारायणांची रीत, हा क्रम सोयीचा.

संग्राहकांस आमची विनंती एवढीच कीं, पोथींत मोठी संख्या दिसली तर ती नुसती उतरून घेऊं नये. तिचे विभाजक काढावे, आसपासचे दृढ अंक शोधावे, आणि दोहोंचा मेळ पाहावा. मेळ न बसल्यास पाठभेदाचें नांव घेण्यापूर्वीं लेखणीची चूक तपासावी. आमच्या टिपणांतील तो बीजसंस्कार आम्ही खोडून टाकिला आहे. पान मात्र जपून ठेविलें आहे.