पोटातले पोटभाडेकरू

पोटभाडेकरू ही काय चीज आहे, हे मुंबईकराला सांगायला नको. एकदा शिरला की भाडे देत नाही, निघत नाही आणि मालकाच्याच चुलीवर आपला स्वयंपाक उरकतो. परंतु अंधेरी-बोरिवलीपासून मुलुंड-घाटकोपरपर्यंत, खुद्द आपल्या देहातच बिऱ्हाड थाटणारेही काही आहेत. वैद्यकात त्यांना परोपजीवी म्हणतात. फराळाच्या दिवसांत हा विषय कशाला, असे म्हणून वाचकांनी पान मात्र उलटू नये.

आमच्या इमारतीतल्या एका वहिनींची मुलगी रात्ररात्र झोपेना. शौचाची जागा सारखी खाजवी. वहिनींनी गूळ-साखर बंद केली. शौचाची तपासणी केली, तर ती निर्दोष! कारण या सुतासारख्या कृमींची मादी रात्री बाहेर येऊन कातडीवर अंडी घालते. शौचात ती क्वचितच सापडतात. डॉक्टरांनी पहाटे, मुलीला धुण्यापूर्वी, त्या जागी पारदर्शक चिकटपट्टी टेकवून काचेवर लावून आणायला सांगितले. अंडी दिसली. औषध घरातल्या साऱ्यांना एकदम, आणि पुन्हा दोन आठवड्यांनी दिले. बिचाऱ्या साखरेचा अपराध नव्हताच. होता तो नखांचा!

साध्या जंतांसाठी दर वेळी तपासणी हवीच असे नाही. 2015 पासून राष्ट्रीय जंतनाशक दिनी 1 ते 19 वर्षांच्या मुलांना अल्बेंडाझोलची गोळी सरसकट दिली जाते. पण या गोळीने अमीबा जात नाही. शौचावाटे रक्त-आंव पडणे, आठवड्याहून अधिक लांबलेले जुलाब, कारणावाचून घटणारे वजन, चेहरा पांढराफटक पडणे, ही तपासणीची वेळ समजावी. नमुना ताजा असावा, त्यात लघवी मिसळू नये. हे जीव रोज बाहेर पडतातच असे नाही. म्हणून एका निर्दोष अहवालावर विसंबू नये, वेगवेगळ्या दिवशींचे तीन नमुने द्यावेत.

‘आम्ही शाकाहारी, आम्हांला कसली भीती?’ असे म्हणणाऱ्यांनीही ऐकावे. डुकराच्या मांसातून माणसात येणाऱ्या पट्टकृमीची अंडी माणसाच्या विष्ठेतून पाण्यात आणि पालेभाजीवर येतात, आणि पोटात गेल्यावर त्यांतल्या अळ्या थेट मेंदूत घर करू शकतात. मोठ्या वयात पहिल्यांदाच फेफरे आले, तर मेंदूचे छायाचित्र काढावे. तिथे शौचाची तपासणी पुरी पडत नाही.

आता रक्तातला भाडेकरू, म्हणजे हिवताप. 20 ऑगस्ट 1897 रोजी सिकंदराबादेस रोनाल्ड रॉस यांनी तो डासाच्या पोटात पाहिला. 1911 साली डॉ. बेंटले यांनी मुंबईच्या विहिरी व पाण्याच्या टाक्यांकडे बोट दाखविले. तरीही 2010 मध्ये या शहरात त्याने पाऊण लाखाच्या घरात माणसे आजारी पाडली. थंडी वाजून ताप आला, की गेल्या वेळच्या उरलेल्या गोळ्या शोधू नयेत. त्याच दिवशी, गोळीपूर्वी, रक्त तपासावे. महापालिकेच्या दवाखान्यात ही तपासणी विनामूल्य होते. अहवाल निर्दोष पण ताप कायम, तर 12 ते 24 तासांनी पुन्हा तपासावे. गुंगी, कावीळ, धाप किंवा लघवी कमी होणे दिसले, तर तडक रुग्णालय गाठावे.

‘व्हायव्हॅक्स’ जातीचा हिवताप यकृतात दडून महिन्यांनी पुन्हा डोके काढतो. म्हणून ताप उतरला तरी प्रायमाक्विनचा 14 दिवसांचा क्रम पुरा करावा. मात्र तो डॉक्टरांच्या सल्ल्यानेच, आधी जी-सिक्स-पीडीची तपासणी करून. गरोदर स्त्रीने ते औषध घेऊ नये.

तेव्हा दिवाळीच्या साफसफाईत गच्चीवरच्या टाकीचे झाकण तपासा, मुलांची नखे कापा, कोथिंबीर तीन पाण्यांनी धुवा. घरातला भाडेकरू काढायला कोर्टात वर्षे जातात. देहातला ओळखायला बहुधा एक काचपट्टी पुरते. ती लावायचा आळस मात्र नको!