बिदर सीमाभागातील चर्च : वस्तीचा धर्म आणि व्यक्तीचा निर्णय

बिदर जिल्ह्यातील भालकी, औराद, बसवकल्याण या मराठीभाषक पट्ट्यात आणि बिदरलगतच्या कोळारसारख्या गावांत ख्रिस्ती माणूस बहुधा मेथडिस्ट असतो. जॉन वेस्ली यांच्या उपदेशातून अठराव्या शतकात इंग्लंडमध्ये उभा राहिलेला हा प्रोटेस्टंट पंथ निजामाच्या राज्यातील या मुलखात अमेरिकन मिशनऱ्यांनी आणला. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मादिग आणि होलेय या दलित जातींतील कुटुंबे एकेकटी नव्हे, तर नात्यागोत्यासह, कधी अख्ख्या वस्तीसह त्यात आली. शेजारच्या विकाराबाद भागातील अशा सामुदायिक धर्मांतराचा अभ्यास मिशनरी वॉस्कम पिकेट यांनी 1933 च्या ग्रंथात केला आहे.

या उगमाचा ठसा उपासनेवर आजही आहे. विकाराबादजवळच्या धारूर येथे दर नोव्हेंबरात मेथडिस्टांची जत्रा भरते आणि तेलंगण, कर्नाटक, महाराष्ट्रातील कुटुंबे तेथे राहुट्या ठोकून, चुली मांडून मुक्काम करतात, दिवसा प्रवचने ऐकतात आणि रात्री भजने म्हणतात. अमेरिकन मेथडिस्टांची रानातील शिबिरसभा आणि दख्खनची जत्रा येथे इतकी एकजीव झाली आहे की, कोणते कुठून आले हे सांगणे कठीण, आणि जत्रेकरूंना त्याची फिकीरही नाही.

कॅथलिकांची संख्या त्या मानाने कमी. बिदरचा समावेश असलेला कलबुर्गी हा स्वतंत्र धर्मप्रांत, म्हणजे बिशपच्या अधिकाराखालील प्रदेश, 2005 मध्ये स्थापन झाला आणि रॉबर्ट मिरांडा त्याचे पहिले बिशप झाले. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (1962–65) लॅटिनऐवजी लोकभाषेत मिस्सा, म्हणजे कॅथलिकांची मुख्य उपासना, होऊ लागली. मात्र कन्नड, मराठी, उर्दू आणि तेलुगू जेथे एकाच बाजारात ऐकू येतात, तेथे लोकभाषा कोणती, हा प्रश्न सोपा नाही.

पंथापंथांतला खरा ताण मात्र बाप्तिस्म्यावरून आहे. मेथडिस्ट आणि कॅथलिक दोघेही तान्ह्या बाळाला बाप्तिस्मा देतात, तर पवित्र आत्म्याचे वरदान आणि प्रार्थनेने आजार बरे होणे यांवर भर देणाऱ्या पेंटेकोस्टल मंडळ्या जाणत्या वयात पाण्यात बुडवून घेतलेला बाप्तिस्माच खरा मानतात. त्यामुळे पुन्हा बाप्तिस्मा घेणारा तरुण आपल्या आजोबांचा वस्तीसह घेतलेला निर्णय जणू अपुरा ठरवतो, आणि घरचे दुखावतात ते यामुळेच.

सरकारदरबारी पंथांतील हा भेद गौण आहे. 1950 च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना, ते कोणत्याही पंथाचे असोत, अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. कर्नाटकात त्यांची गणना मागासवर्गीयांच्या प्रवर्ग 1 मध्ये होते.