‘आत्ताच राजीनामा लिहा’ असं सांगितलं तर

सही करू नका, विचाराला वेळ मागा. आपल्याच हाताने दिलेला राजीनामा जबरदस्तीचा होता, हे नंतर सिद्ध करणं फार अवघड जातं. कारणे दाखवा नोटीस आली तर मुदतीत, मुद्देसूद लेखी उत्तर द्या.

ऑफिसातल्या कुरघोड्या बहुतेक तोंडीच चालतात. म्हणून साहेबांनी काम तोंडी सांगितलं, तर त्याच दिवशी दोन ओळींचा मेल पाठवा: ‘आपण सांगितल्याप्रमाणे अहवाल शुक्रवारपर्यंत देतो.’ उद्या सहकाऱ्याने खापर तुमच्यावर फोडलं, तर हाच मेल कामी येईल. घटनांची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेवा. गोपनीय फायली मात्र खासगी मेलवर पाठवू नका. तेवढ्यावरूनही कारवाई होऊ शकते.

स्त्रियांच्या बाबतीत छळ लैंगिक असेल, तर कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३चा कायदा पाठीशी आहे. नोकरीवरून दिलेली गर्भित धमकीही त्यात येऊ शकते. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तिथे अंतर्गत समिती बंधनकारक आहे, त्याहून लहान ठिकाणांसाठी जिल्ह्यात स्थानिक समिती असते. तक्रार ३ महिन्यांत करायची. सबळ कारण असेल तर समिती आणखी ३ महिने देऊ शकते. चौकशी सुरू असताना बदली किंवा ३ महिन्यांपर्यंतची रजा लेखी मागता येते, आणि ही रजा हक्काच्या रजेव्यतिरिक्त असते. पुरावा कमी पडला, एवढ्यावरून तक्रार करणारीवर कारवाई होत नाही. ही तरतूद प्रत्येकीला माहीत असायलाच हवी.